काटा थांबेपर्यंत

लुंबिनीनं शेवटच्या मशीनचं बटण दाबलं होतं. आतले पंखे मंदावत मंदावत, म्हाताऱ्या माणसानं बोलता बोलता विषय विसरावा तसे थांबले होते. आणि मग त्या खोलीत जे काही उरलं होतं त्याला हात लावायची हिंमत ना लुंबिनीची होत होती ना अंबिकाची. इतकी वर्षं इथं घरघर चालू होती हे अंबिकाला आज, ती बंद पडल्यावर कळलं. देगलूर नाक्यापलीकडच्या माळावर हे कॉलेज उभं राहिलं तेव्हापासून ती इथं शिकवत होती, तिसऱ्या मजल्यावरची ही सिम्युलेशन लॅब तिनंच मांडली होती, आणि जिला आपण शांतता समजत आलो ती एका आवाजाची सवय होती, हे तिला आत्ता भर दुपारी, चैत्राच्या उन्हानं खिडकीची काच पांढरी पडलेली असताना उमगत होतं. लुंबिनी खाली वाकून वायर गुंडाळत होती. कोपर आणि अंगठा यांच्यात एकेक वेढा बसवत होती, सुटला तर पुन्हा घेत होती. घाई दिसत नव्हती, रागही दिसत नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. थोड्या वेळापूर्वी तिनं एवढंच सांगितलं होतं की वीज कंपनीच्या लातूरच्या ऑफिसात तिला नोकरी लागलीय, सोमवारी हजर व्हायचंय, पीएचडी ती सोडून देतेय आणि लॅबची किल्ली द्यायला आलीय. कुणाच्या तरी गावाला पाऊस झाला म्हणून सांगावं, तशा आवाजात. त्यावर अंबिका "बरं" म्हणाली होती. मार्गदर्शक म्हणून इतकी वर्षं जिच्या डोक्यावर हात ठेवला, तिला निरोप देताना सगळ्या भाषेतून तेवढा एकच शब्द हाताला लागला होता, आणि तो उच्चारून झाल्यावर पंखे थांबले होते.

या खोलीत चालायचं ते काम बाहेरच्या माणसाला सांगताना अंबिकाची नेहमी ओढाताण व्हायची. यंत्रानं यंत्राचं सोंग घ्यायचं, असं ती शेवटी म्हणायची. तालुक्याच्या गावातल्या एखाद्या बँकेत, परीक्षा केंद्रात, दवाखान्यात जो सर्व्हर कोपऱ्यात धूळ खात उभा असतो, तो किती वेगानं काम करील, किती वीज खाईल आणि कधी मान टाकील, हे त्यानं खरोखर मान टाकण्याआधी दुसऱ्या यंत्राच्या पोटात घडवून बघायचं. तिथं एका दुपारीत कित्येक वर्षं सरतात. डिस्क मरतात, वीज जाते, पंख्यांत जळमटं अडकतात, आणि कुणाचं काहीही बिघडत नाही. तरुणपणी तिला याच गोष्टीची भूल पडली होती. ज्यात कुणाला इजा होत नाही असा ऱ्हास, ज्यात कुणी रडत नाही असे मृत्यू. मात्र या सोंगाचा एक नियम होता. सुरुवातीला सोंगातलं यंत्र कोरं असतं. थंड, मोकळं, एकही काम रांगेत नसलेलं. अशा कोरेपणातून निघालेले पहिले आकडे खोटे मानायचे. यंत्राला चालू द्यायचं, आकड्यांची उसळी ओसरू द्यायची, आणि ते स्थिरावले की त्याआधीचं सगळं टाकून द्यायचं. टाकून द्यायच्या त्या काळाला लॅबमध्ये वॉर्म-अप म्हणत. दर वर्षी पहिल्याच तासाला अंबिका फळ्यावर हेलकावत हेलकावत सपाट होत जाणारी रेघ काढायची, ती सपाट होते तिथं एक उभी रेघ मारायची आणि उभ्या रेघेच्या डावीकडचं सगळं तळव्यानं पुसून टाकायची. तळव्याला खडू लागायचा. हे विसरा, म्हणायची. खरं आयुष्य इथून पुढं.

हा नियम पुस्तकात वाचण्याआधी तिनं लातूरच्या आडत बाजारात पाहिला होता. वडिलांच्या, बसलिंगप्पांच्या दुकानापुढं तीन बल्ल्यांच्या तिकाटण्याला टांगलेला मोठा तराजू असायचा. एका पारड्यात तुरीचं पोतं चढलं, दुसऱ्यात लोखंडी वजनं पडली, की मधला काटा पिसाळल्यासारखा इकडं झुकायचा, तिकडं झुकायचा. शाळेतून परस्पर दुकानी आलेली अंबिका आकडा ओरडायला टपलेली असायची. "अंबव्वा, काटा थांबू दे की गं," अप्पा म्हणायचे. "हालत्या काट्याचं बोलू न्हाई. हालत्या काट्याचं बोलणारा एक तर चोर असतो, न्हाईतर येडा." मग गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारून ते काट्यावर डोळे लावायचे. हमाल थांबायचे, माल आणणारा थांबायचा, बैलांच्या गळ्यातल्या घंटासुद्धा थांबल्यासारख्या वाटायच्या. झुकणं लहान होत जायचं, श्वासाएवढं, मग श्वासाहूनही लहान, आणि एका क्षणी काटा उभा राहायचा. त्या उभं राहण्यात तिला सकाळच्या पूजेतली निश्चलता दिसायची. पुढं परदेशी पुस्तकांत स्थिर अवस्थेची समीकरणं भेटली तेव्हा ती तिला परकी वाटलीच नाहीत. ती अप्पांचीच वाटली. जगात न्याय नावाचं काही असेल तर ते थांबलेल्या काट्यापाशी असेल, अशी तिची एक न बोललेली श्रद्धा होती, आणि त्या श्रद्धेवर तिनं आपली विद्या उभारली होती. विद्येवर संसार उभारण्याइतकी उसंत मिळाली नाही; तोही, आधी जरा स्थिर होऊ दे म्हणत म्हणत, डावीकडंच राहून गेला.

लुंबिनी आली ती कंधारहून. वडील एसटीच्या डेपोत, आई अंगणवाडीत. बोलायला लागली की अंगणातून हाक मारल्यासारखी बोलायची, आणि ऐकताना मात्र डोळे मिटून घ्यायची. तिला सोंगातल्या मृत्यूंवर विश्वास नव्हता. खरे बघून येते म्हणाली, आणि यष्टीनं तालुकेच्या तालुके पालथे घालायला लागली. कंधारचं परीक्षा केंद्र, चाकूरची पतसंस्था, मुखेडचा दवाखाना. जिथं जिथं कोपऱ्यात एखादा सर्व्हर उभा, तिथं तिथं आपली लहानशी नोंदपेटी जोडून यायची. वीज केव्हा गेली, केव्हा आली, कोणता भाग कधी गेला. उन्हानं रापून परतताना पिशवीत कधी सीताफळं असायची, ती अंबिकाच्या टेबलावर ठेवून सोंगातल्या यंत्रावर ते आकडे चढवायला बसायची. असंच एकदा ती आलेख घेऊन समोर उभी राहिली होती. सगळे मृत्यू डावीकडं गोळा झाले होते. उभ्या रेघेच्या अलीकडं, पुसून टाकायच्या जागेत, मुंग्यांनी वारूळ करावं तसा ढीग. आणि उजवीकडं, जिथून खरं आयुष्य सुरू व्हायचं, तिथं जवळजवळ काहीच नाही.

"मॅडम, आपल्याकडं लाइट येते न् मशीन उठते," लुंबिनी म्हणाली होती. "उठून जरा जीव थाऱ्यावर येतो न येतो तवर लाइट पुन्हा जाते. तुम्ही वॉर्म-अप म्हणून जे पुसून राहिल्या ना, तेवढंच तिचं आयुष्य हाय. ते पुसलं तर हातात काय राहतं?"

अंबिकाला ते वाक्य आवडलं होतं. आवडलं होतं हे तिला आज नीट आठवतं. एखादी ओळ कानावर पडावी आणि ती आपण का नाही लिहिली असं वाटावं, तशी एक कळ उठली होती. वीज परतते तेव्हा दाब उसळतो, सगळ्या डिस्क एकदम फिरू लागतात, पंख्यांना वेग धरायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या पोकळीत यंत्रं मरतात. यात न पटण्यासारखं काय होतं? पण त्या कळेच्या मागोमाग भीती आली होती. हे खरं असेल तर फळ्यावरची उभी रेघ इथं, या मुलखात मारताच येत नव्हती. काटा कधी थांबतच नसेल तर अप्पा इतकी वर्षं कशाची वाट बघत उभे होते? म्हणून ती म्हणाली होती, रन आखूड पडतंय, यंत्राची अजून एक फेरी, अजून एक रन घे, सीड बदलून बघ. लुंबिनीनं सोंगातले योगायोग ठरवणारा आरंभीचा आकडा, म्हणजे सीड, बदलून सगळं पुन्हा चालवलं. ढीग तिथंच. मग आणखी एक गाव. मग आणखी एक पावसाळा. एकेकटी पाहिली तर प्रत्येक सूचना शहाणपणाची होती, कुठल्याही परीक्षकानं मान डोलवावी अशी. चाळणीतून पीठ पडावं तशी त्या सूचनांमधून वर्षं खाली पडत गेली, आणि वर मागे राहिलेला कोंडा अंबिका काटेकोरपणा म्हणून जपत गेली. डिपार्टमेंटमध्ये त्याचा विनोद झाला होता. लुंबिनीताईंचं सिम्युलेशन आपल्या सगळ्यांच्या पेन्शनीला हजर राहणार, असं तिच्या बरोबरीचा शिवकुमार चहाच्या वेळी म्हणायचा, आणि लुंबिनीही हसायची. हसायची, पण आधी कप खाली ठेवायची.

"मुदत अजून संपलेली नाही," अंबिका म्हणाली. पंख्यांशिवाय तिचा स्वतःचा आवाज तिला फार मोठा वाटला, दुसऱ्याच्या घरात मोठ्यानं बोलल्यासारखा. तिनं सगळं घाईघाईनं सांगून टाकलं. मुदतवाढीचं पत्र मार्गदर्शकाच्या हातात असतं, ते ती आजच देईल. नोकरी करता करता प्रबंध देता येतो. नवं एकही अक्षर लिहायला नको, एकही रन घ्यायला नको. "जसा आहे तसा दे. डावीकडचा भाग धरून. मी सही करते."

लुंबिनीचा हात वायरीवर थांबला. "त्याच्यात आता नवं काय राहिलं, मॅडम?"

नवं राहिलं नव्हतं, हे अंबिकाला ठाऊक होतं. संक्रांतीच्या सुमाराला परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठातून एक शोधनिबंध आला होता. ज्या भागांत वीज टिकत नाही तिथली यंत्रं स्थिरावतच नाहीत, म्हणून त्यांचं सगळं गणित आरंभकाळाचंच मांडायला हवं, असं त्यात होतं. वेगळा देश, वेगळी गावं, आणि तोच मुंग्यांचा ढीग. अंबिकानं तो स्टाफरूममध्ये वाचला, वाचून लॅपटॉप मिटला आणि पुढच्या तासाला गेली. तिनं तो लुंबिनीला दाखवला नाही. लुंबिनीनं तो आधीच वाचला होता आणि तिनंही तो दाखवला नाही. त्यानंतर कित्येक आठवडे दोघी याच खोलीत समोरासमोर बसून आकडे बघत राहिल्या, घरात मयत झालेली असताना पाहुण्यांपुढं पोहे ठेवावेत तशा.

"त्यांनी माझ्याहून चांगलं मांडलंय," लुंबिनी म्हणाली, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "इंग्रजी तर लईच चांगलं हाय त्यांचं."

बाहेर जिन्याजवळ शिवकुमारचं हसू ऐकू आलं. तो कुणाला तरी गाडी सावलीत लाव म्हणून सांगत होता. पंखे चालू असते तर ते हसू आत आलं नसतं. आज ते सरळ आत आलं आणि टेबलावर येऊन बसलं. शिवकुमार उदगीरचा, लुंबिनीच्याच वर्षी लॅबमध्ये आलेला, आता इथंच शिकवणारा. त्याचे वडील आणि अप्पा एकाच मठाचे. यंत्राचा वेग कमी करून वीज कशी वाचवता येईल, हा त्याचा विषय. त्यानं शेवटचा आलेख आणला तेव्हा त्याची रेघ अजून उतरत होती, सपाट झालीच नव्हती. ते त्यालाही दिसत होतं, तो खजील होऊन उभा होता. आणि अंबिका म्हणाली होती, "चालतंय रे. दिशा कळतेय ना? लिहून टाक." किती सहज म्हणाली होती. त्याचं लग्न ठरलं होतं, डिपार्टमेंटला जागा निघाली होती, माणसाला घाई असते, घाई समजून घ्यायला हवी. त्यात लबाडी नव्हती. काम वाईटही नव्हतं. फक्त ते एक वाक्य आणि अजून एक रन घे हे दुसरं वाक्य, तिच्याच तोंडून याच खोलीत निघालेली ही दोन वाक्यं, तिनं कधी एका तराजूत घातली नव्हती. घरघरीत ती एकमेकांपासून लांब पडून राहिली होती. आता खोली रिकामी झाल्यावर ती समोरासमोर आली, आणि मधला काटा कुणी न सांगता हलायला लागला.

मग तिला बाजार आठवला; नेहमी आठवायचा तो नव्हे, त्याच्या बाजूला उभा असलेला. चाकूरकडचे, नात्यातले, मठातले कुणी माल घेऊन आले की अप्पा दुरूनच हात उंचावायचे. पोतं पारड्यात पडायचं, काटा अजून झोके खात असायचा, आणि अप्पा मुनीमजींना म्हणायचे, आपलं माणूस हाय, चालतंय, लिहा. ती माणसं चहा पिऊन पहिल्या गाडीनं गावी जायची. बाकीच्यांसाठी मात्र काटा थांबावा लागायचा. काहींसाठी तर तो थांबल्यावरही अप्पा थोडं थांबायचे. फसवणूक त्यांनी कधीच केली नाही. वजनात गुंजेचा फरक पडायचा नाही. फरक पडायचा तो उन्हात उभं राहण्यात. छोट्या अंबिकानं हे रोज पाहिलं होतं आणि त्याला तिनं माया म्हटलं होतं. आपल्या माणसांवरची माया. उरलेल्यांवर जे होतं त्याला नाव द्यायची गरज तिला पडली नव्हती, कारण त्याचं नाव न्याय आहे असं तिला सांगितलेलं होतं. कुणाची जात अप्पांनी कधी तोंडानं काढली नाही. अंबिकानंही कधी काढली नाही. आता अप्पांचे हात कापतात. लातूरच्या घरी ओसरीवर बसून ते बशीतला चहा थांबण्याची वाट बघतात. चहा काही थांबत नाही, शेवटी तसाच हालता पितात, आणि सदऱ्यावर सांडतो.

त्याच ओसरीवर लुंबिनी एकदा आली होती. चाकूरच्या नोंदी घेऊन दोघी लातूरला पोचल्या, ऊन फार झालं होतं, अंबिका तिला घरी घेऊन गेली. आईनं, लक्ष्मम्मानं, धपाटी वाढली, दह्याचं भांडं पुढं सरकवलं, आणि सगळ्यांना विचारते तसं विचारलं, "कुणाची गं तू, बाई?" लुंबिनीनं घास गिळून तोंड उघडलं होतं. पण त्याआधीच अंबिका म्हणाली होती, माझी विद्यार्थिनी आहे आई, कंधारची आहे, फार हुशार आहे. एका दमात, एकावर एक तीन पांघरुणं घालावीत तशी. आईचं समाधान झालं, तिनं अजून एक धपाटं वाढलं. परतीच्या गाडीत, चाकूरचा फाटा मागे पडल्यावर, लुंबिनी म्हणाली होती, "मी सांगितलं असतं की, मॅडम." अंबिका तेव्हा हसली होती. आपण हिला कशापासून तरी वाचवलं असं तिला त्या दिवशी वाटलं होतं, आणि त्या वाटण्याची ऊब तिनं बरेच दिवस जपली होती. कशापासून वाचवलं? आईपासून? का स्वतःच्या घरात आपला चेहरा कसा होतो ते बघण्यापासून, स्वतःलाच?

लुंबिनीनं वायरीची गुंडाळी टेबलावर ठेवली. खुर्चीच्या पाठीवरची ओढणी घेतली, खिडकीतली पाण्याची बाटली घेतली, कप धुऊन आणला आणि पालथा घातला. तिचं या खोलीत एवढंच होतं. मग तिनं किल्ली काढली आणि अंबिकाच्या हाताजवळ ठेवली. हातात दिली नाही, फेकलीही नाही. "माझी सगळी रनं मोठ्या डिस्कवर ठेवलीत," ती म्हणाली. "पोरांना शिकवायला लागली तर घ्या. डावीकडचं काही पुसलेलं न्हाई."

अंबिकाला बोलायचं होतं. मनात एक वाक्य उठत होतं, जरा आकार घेत होतं आणि पुन्हा विस्कटत होतं. माफी मागावी तर ती कशाची, हे आधी स्वतःला कळायला हवं. न कळता मागितलेली माफी म्हणजे आणखी एक पांघरूण. आणि विचारावं, तर उत्तर देण्याचं ओझंही पुन्हा हिच्याच डोक्यावर. थोडं थांबावं, तिला वाटलं. हे जरा निवू द्यावं, मनात स्थिर होऊ द्यावं, मग एक दिवस लातूरला जाऊन शांतपणे बोलावं. आणि असं वाटताक्षणी तिनं स्वतःला ओळखलं. तिकाटण्याशेजारी उभी असलेली, काट्यावर डोळे लावलेली, समोरच्याच्या डोक्यावरचं ऊन न दिसणारी ती हीच. जन्मात पहिल्यांदा तिनं हालत्या काट्याचं बोलायचं ठरवलं.

"लुंबिनी, इतकी वर्षं मी तुला थांबवत राहिले, ते कामासाठीच होतं, असं तुला वाटत आलं का गं?"

लुंबिनी दाराशी पोचली होती. ती वळली. तिनं अंबिकाकडं पाहिलं, तोंड उघडलं, अगदी त्या दिवशी घास गिळून उघडलं होतं तसं. आणि या वेळी मध्ये कुणीच बोललं नाही. अंबिका वाट बघत राहिली. पण लुंबिनीची नजर तिच्यावरून सरकून मागच्या फळ्यावर गेली. तिथं परवाच्या तासाची उभी रेघ अजून होती, तिच्या उजवीकडं सपाट होत गेलेली रेषा, आणि डावीकडं तळव्यानं पुसल्याचा पांढुरका, पसरट डाग. लुंबिनीनं तो डाग निरखून पाहिला. मग ओठ मिटले, ओढणी खांद्यावर नीट घेतली आणि ती दाराबाहेर पडली. जिन्याजवळ शिवकुमारनं काहीतरी विचारलं. खोलीत दुसरा कसलाच आवाज नव्हता, त्यामुळं पायऱ्या उतरणाऱ्या चपला शेवटपर्यंत ऐकू येत राहिल्या, पहिल्या पावलापासून एकसारख्या.